तळघरातलं जावा

नलूताई, काल तुझ्या स्वयंपाकघरात चहा मी केला. साखरेचा डबा कुठे, आलं कुठल्या ड्रॉवरमध्ये, कुठला बर्नर नीट पेटत नाही, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. भेटायला आलेल्या बायका आपापसांत म्हणाल्या, "शैला म्हणजे अगदी घरचीच ना." मी सिंककडे तोंड करून कप विसळत राहिले. तुला जाऊन दोन आठवडेही झालेले नाहीत. रडू येतं, नाही असं नाही. पण त्याच्या आधी लाज येते, आणि लाज आली की रडू तिथल्या तिथे थिजतं. मैत्रीण गेल्यावर माणसानं मोकळेपणी रडावं, तेवढंही मला जमत नाही.

तुला हे आवडणार नाही, माहीत आहे. "रडगाणं पुरे, भजी तळायला घे," असं म्हणाली असतीस. पण आता तुला मधे बोलता येत नाही. आपल्या दोघींच्या बोलण्यात हे पहिल्यांदाच घडतंय, तेव्हा मला सगळं बोलून घेऊ दे.

अमेरिकेत, पार्सिपनीत आलो तेव्हा आपण सगळ्याच नव्या होतो, पण तू निराळी नवी होतीस. आम्ही पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून थेट इथे उतरलेल्या. तू मिरजेची, पण मधली बारा वर्षं जावा बेटावर, सोलो नावाच्या गावात काढून आलेली, कारण वसंतराव तिथल्या कापडगिरणीत होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही सगळ्यांनी प्लास्टिकचे डबे लुटले आणि तू लुटलेस हातभर कापडाचे तुकडे, तपकिरी रंगाचे, बारीक नक्षीचे. "हे बातिक. आधी मेणानं काढायचं, मग रंगात बुडवायचं. मी स्वतः केलंय," असं तू प्रत्येकीला थांबवून सांगत होतीस. मी त्या तुकड्यानं महिनाभर ओटा पुसला. एकदा तू न सांगता आलीस, ओट्यावरचं ते फडकं उचललंस आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरलंस. मला वाटलं, मेले आता. तू म्हणालीस, "बघ, रंग जरासुद्धा गेला नाही. मी सांगितलं नव्हतं?" त्या दिवसापासून तुला 'अहो' म्हणणं माझ्याच्यानं होईना.

शनिवारचा वर्ग सुरू झाला तो माझ्या सोयीसाठी, हे कोणाला ठाऊक नाही. मला बँकेत शनिवारी अर्धा दिवस काम असायचं, मोहन ऑफिसच्या कामासाठी निम्मा वेळ बाहेरगावी, आणि अनघा तेव्हा आठ वर्षांची. "पाठव माझ्याकडे," तू म्हणालीस. "पण टीव्हीपुढे बसवून ठेवणार नाही, आधीच सांगते." मग अनघाच्या मागोमाग शेजारच्या दोघी बहिणी यायला लागल्या, मग खऱ्यांचा निखिल, मग निखिलचे मित्र, आणि बघता बघता तुझं तळघर भरून गेलं. लाकडी तक्त्यांच्या भिंती, विटका हिरवा गालिचा, कोपऱ्यात ओलावा ओढणारं यंत्र सतत घरघरत असायचं. मधोमध हॉटप्लेटवर छोट्या पातेल्यात मेण. दुपारी अनघाला न्यायला यायचे तेव्हा तिच्या केसांना त्या मेणाचा वास असायचा, आणि मी गाडीची काच खाली करायचे.

पहिले कित्येक शनिवार तू मुलांना मेण दिलंच नाहीस. प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामं चांतिंग: लाकडी दांडी, पुढे तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला सुईएवढी चोच. त्या चोचीत फुंकर मारायची आणि कोऱ्या कापडावर नुसतीच रेघ ओढायची. निखिल वैतागला. "नलूकाकू, व्हेन डू वी गेट द रिअल वॅक्स?"

"हात थांबला की."

"माय हँड इज फाइन!"

"हात फाइन आहे रे. तू फाइन नाहीस. पाय हलवतोयस बघ."

आणि मुलं ऐकायची! माझं घरी एक अक्षर न ऐकणारी माझी मुलगी तुझ्या तळघरात मांडी घालून, जीभ बाहेर काढून, रिकाम्या नळीनं रेघा ओढत बसायची. मला याचा आनंद व्हायला हवा होता. मला राग यायचा.

तो राग बाहेर पडला अनघाचं मनगट भाजलं त्या दिवशी. फार नव्हतं, मेणाचा एक ओघळ. पण मी तुझ्या दारात उभी राहून ओरडले, सगळी मुलं ऐकत होती. "माझ्या मुलीचा हात भाजलास, आणि कशासाठी? तिला धड मराठी वाचता येत नाही, बारापुढचे पाढे येत नाहीत, आणि तू तिला कुठल्या जावा-सुमात्राचं काय शिकवत बसली आहेस!" तू भाजल्याबद्दल माफी मागितलीस, अगदी मनापासून. बाकीच्याबद्दल मागितली नाहीस. मुलं गेल्यावर म्हणालीस, "तुझं तू शिकव की. कोण नको म्हणतंय? पण नुसतं आपलं आपलं करत वाढलेलं पोर दुसऱ्याच्या घरी गेलं की कसं वागेल? पाहुणं व्हायलासुद्धा शिकावं लागतं गं, शैला. आपण सगळे इथे पाहुणे, आणि एकालाही ते जमत नाही."

"मग अमेरिकेचं शिकव."

"ते शाळा शिकवतेय. शिवाय त्यात फायदा आहे. ज्यात काडीचा फायदा नाही असं परक्याचं एक तरी काही शिकू देत."

हे भांडण आपण पुढे इतक्यांदा केलं की मोहन त्याला आपली आरती म्हणायचा. आणि खरं सांगू? मला ते अजूनही पुरतं पटलेलं नाही. अनघा बारा वर्षांची झाली, मराठी पाटी वाचताना अजून अडखळते. मंडळानं मराठीचा वर्ग घ्यायला तुझ्या किती मिनतवाऱ्या केल्या, तू घेतला नाहीस. "मला कंटाळा येतो," म्हणालीस. हे काय उत्तर झालं? तू हट्टी होतीस, नलूताई. गेलीस म्हणून मी ते मागे घेणार नाही.

तुझ्या सगळ्या गोष्टींत एक बाई असायची. बू सुमार्नी. वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी तिकडे 'बू' लावतात, आपण काकू म्हणतो तसं. सोलोत तुझ्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिथल्या पहिल्याच वर्षी तुझं मूल पोटातच गेलं, तेव्हा तुला तिथली भाषा येत नव्हती आणि तिला आपली. ती रोज दुपारी येऊन तुझ्या पडवीत बसायची आणि आपलं बातिकचं काम करत राहायची. बोलणार काय? कित्येक दिवसांनी तिनं एक चांतिंग तुझ्या हातात दिलं, रिकामं. हे तू मला एकदाच सांगितलंस, भांडी पुसता पुसता, आणि लगेच विचारलंस की चिरोटे इतके चिवट कसे काय होतात तुझे. मुलांना मात्र तू बू सुमार्नीच्या गमतीच सांगायचीस. ती पहाटे नमाज पढते, मग अंगणात कोंबड्यांना नावं घेऊन शिव्या देते, आणि तिच्या भिंतीवर अर्जुनाची चामड्याची बाहुली टांगलेली आहे. अनघानं विचारलं, "बट शी इज मुस्लिम, राइट? देन व्हाय अर्जुन?" तू म्हणालीस, "अर्जुनाला विचारलं का कोणी, तू कोणाचा?"

मोठ्यांपैकी कोणी म्हणालं की हे सगळं मूळचं आपल्याकडूनच गेलेलं, तर मात्र तुझं डोकं फिरायचं. "गेलं असेल. लग्न करून दिलेल्या लेकीच्या घरी जाऊन आपण भांडी मोजतो का, ही आमची, ही आमची म्हणून?" खरेवहिनी आठवडाभर तुझ्याशी बोलल्या नव्हत्या.

तुझ्या तळघरातला लेबारान कसा विसरेन? लेबारान म्हणजे तिकडची रमझानची ईद. मुलांनी भेटवस्तूंच्या रिबिनी विणून त्यांच्या चौकोनी पिशव्या केल्या होत्या. सोलोत त्या माडाच्या पातीच्या करतात आणि त्यांतच भात शिजवतात. इथे पिशव्या नुसत्या छताला टांगल्या आणि भात तू फॉइलमध्ये शिजवलास. नारळाच्या रश्शातली कोंबडी, आणि आमच्यासारख्या न खाणाऱ्यांसाठी त्याच रश्शातले बटाटे. आणि मग ती चाल. वडीलधारी माणसं खुर्च्यांवर बसली, मुलं एकेक करून पुढे आली, गुडघ्यांवर बसून त्यांनी हात हातात घेतला आणि सांगितलं, मी दिसेल असं आणि दिसणार नाही असं जे काही चुकलो असेन, त्याची क्षमा करा. अनघा माझ्यापुढे बसली. "दिसणार नाही असं म्हणजे काय गं?" मी तुला हळूच विचारलं. "मनातलं," तू म्हणालीस. घरी आल्यावर मी सासूबाईंना फोनवर सांगितलं की अनघाच्या क्राफ्ट क्लासचं गेट-टुगेदर होतं.

आता त्या गणपतीचं. ते टाळून कितीही गोष्टी सांगितल्या तरी मला तिथेच यायचं आहे.

मंडळाचा गणपती शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता. मुलांनी सहा महिने खपून जावाच्या छायाबाहुल्यांचा खेळ बसवला होता. काळ्या पुठ्ठ्याच्या बाहुल्या, बार्बेक्यूच्या काड्यांचे हात, कोपरांना पितळी पिना. तिकडे बाहुल्या केळीच्या खांबात खोचतात. तू टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणलास. पडदा म्हणजे तुझी दुहेरी चादर, आणि मागे गॅरेजमधला दिवा धरून वसंतराव बसणार. अनघाकडे श्रीकंडी होती. तिकडच्या महाभारतात ती धनुष्य चालवणारी बाई आहे, अर्जुनाची बायको. निखिलकडे सेमार, पांडवांचा ढेरपोट्या नोकर, जो खरं तर देव आहे पण कोणाला सांगत नाही. निवेदन माझं, कारण मंडळात निवेदन नेहमी माझंच असतं. माझा आवाज चांगला आहे म्हणतात.

तू मला चारच वाक्यं सांगितली होतीस आणि मी ती कार्डावर लिहून घेतली होती. हा खेळ जावाचा आहे. तिथे तो करणारे आणि बघणारे बहुतेक मुसलमान आहेत. मला हे सोलोच्या बू सुमार्नी यांनी शिकवलं. मुलांनी जमेल तसं केलंय, चुका आमच्या. तू म्हणालीस, "एवढंच. त्यात तुझं मीठमसाला काही घालू नकोस. आणि तिचं नाव नीट घे, मोठ्यानं. कोणी तिचं नाव असं स्टेजवरून घेतलं नसेल कधी."

मी माइकपुढे गेले. पुढच्या रांगेत भारतातून आलेले पाहुणे, गुरुजी, कमिटीतले सगळे, त्यांच्या साड्या नेसलेल्या बायका. बाजूला गणपती. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, नलूताई. कोणी दटावलं नव्हतं, कोणी डोळे वटारले नव्हते. हेच तर आहे. तिथल्या निम्म्या लोकांनी तुझी चार वाक्यं मुकाट्यानं ऐकून घेतली असती आणि टाळ्याही वाजवल्या असत्या. पण मला त्या चेहऱ्यांकडे बघून आतून आकसल्यासारखं झालं, आपल्यामुळे कोणाच्या कपाळाला आठी पडेल या नुसत्या कल्पनेनं. मी कार्ड पालथं केलं. आणि माझ्या त्या चांगल्या आवाजात म्हणाले, "हजारो मैलांवरच्या बेटावरही आपली संस्कृती कशी बहरली, आपलं महाभारत कुठवर पोचलं, ते आज बघू या आपल्याच चिमुकल्यांकडून!"

काय टाळ्या पडल्या! अजून ऐकू येतात.

खेळ छान झाला. अर्जुनाचा एक हात मधेच गळून पडला, तर निखिलच्या सेमारनं म्हटलं, "टेक इट ईझी, अर्जुना, आधी जेवून घे," आणि सगळं ऑडिटोरियम हसलं. दिवे लागल्यावर मी पडद्यामागे आले. तू चादरीची घडी घालत होतीस. मी दुसऱ्या बाजूची टोकं धरली. चादरीची घडी घालताना दोन माणसांना एकमेकांच्या जवळ यावंच लागतं, तशा आपण जवळ आलो. तू म्हणालीस, "माइक फार जवळ धरलास. शेवटचे शब्द फुटत होते." बस. त्यानंतर या विषयावर तू कधीच काही बोलली नाहीस. तू, जी माझ्या चिरोट्यांवर चार वर्षं बोलत होतीस.

गाडीत अनघा म्हणाली, "आई, यू डिडन्ट से हर नेम."

"राहून गेलं गं. गडबडीत."

"नो. यू टर्न्ड द कार्ड ओव्हर. आय सॉ यू. चादरीला होल आहे."

मोहन गाडी चालवत होता. त्यानं रेडिओ लावला.

दुसऱ्या वर्षी लेबारानला तू खुर्चीवर बसलीस आणि मुलांच्या मागोमाग काही मोठी माणसंही गंमत म्हणून रांगेत उभी राहिली. खरेवहिनी उभ्या राहिल्या, मोहनसुद्धा. तू सगळ्यांचे हात हातात घेत होतीस, हसत होतीस. मला जिन्याच्या वरच्या पायरीवरून सगळं दिसत होतं. माझ्या हातात झारा होता, तेल तापलंय असं सांगून मी परत वर गेले. तेल तापलेलं नव्हतं. मी गॅससुद्धा लावला नव्हता. एवढं सोपं करून ठेवलं होतंस तू, सगळ्यांच्या गर्दीत, हसतखेळत, शब्दही ठरलेले. मला फक्त गुडघे टेकायचे होते. पुढच्या वर्षी करीन, असं मी मनाशी म्हटलं. पुढच्या वर्षी मला फ्लू झाला होता, आणि तो खराच होता, पण बरा वाटला मला तो.

माझं ते वाक्य मात्र चांगलं जगलं. मंडळाच्या वार्तापत्रात आलं. मग दुसऱ्या गावच्या मंडळांनी तुझ्या मुलांचा खेळ बोलावला, आणि जिथे जिथे गेलो तिथे कोणी ना कोणी तेच वाक्य म्हणून तुमची ओळख करून द्यायचं. तू दर वेळी खेळ संपल्यावर पडद्यापुढे येऊन म्हणायचीस, "हे मला सोलोच्या बू सुमार्नींनी शिकवलं," पण तोवर लोक खुर्च्या सरकवून जेवायला उठलेले असायचे. मी कधीच म्हटलं नाही की थांबा, ऐका जरा. माझा आवाज त्यांच्यापर्यंत सहज पोचला असता.

फ्युनरल होममध्ये तुला शेवटचं पाहिलं तेव्हा खरेकाका चार शब्द बोलायला उभे राहिले. भला माणूस, डोळे भरून आले होते. म्हणाले, "नलूताईंनी हजारो मैलांवरच्या बेटावर बहरलेली आपली संस्कृती आपल्या मुलांपर्यंत परत आणली." सगळ्यांनी माना हलवल्या. अनघा माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दॅट्स युअर लाइन, आई." मी उठायला हवं होतं. तू चार पावलांवर होतीस. मी रुमाल काढला आणि नाक पुसलं, आणि लोकांना वाटलं मी रडतेय. बाहेर पडताना निखिलच्या आजी माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं." मी त्यांना "थँक यू" म्हणाले. तोंडातून आपोआप गेलं ते.

आणि काल चहा झाल्यावर, बायका गेल्यावर, वसंतराव म्हणाले, "तू थांब जरा. सोलोला फोन लावायचाय." मला दचकायला झालं. इतक्या फोनांमध्ये, मिरजेला, पुण्याला, एडिसनला, हा फोन राहिलाय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बू सुमार्नींकडे फोन नाही, त्यांच्या भाच्याच्या दुकानात आहे. वसंतरावांनी आदल्या दिवशी निरोप ठेवून त्यांना बोलावून घेतलं होतं. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. ऑपरेटरनं दोनदा प्रयत्न केला तेव्हा लाइन लागली.

वसंतरावांना ती भाषा बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. हळू, थांबत थांबत. मधेच 'नलू' ऐकू आलं आणि मग ते नुसते ऐकत राहिले, रिसीव्हर कानाला, दुसऱ्या हातात ओट्यावरचं पुसणं. तिकडची बाई रडत असणार. मग पुन्हा बोलणं सुरू झालं आणि त्यात मला माझं नाव ऐकू आलं. शैला. पुन्हा शैला. वसंतरावांनी रिसीव्हरवर हात ठेवला. माझ्याकडे न बघता, फरशीकडे बघत म्हणाले, "तुझी चौकशी करतेय. म्हणते, जिनं माझं नाव एवढ्या लोकांसमोर घेतलं ती मैत्रीण कशी आहे? तिला सांभाळा म्हणते. नलूनं सांगितलं होतं तिला त्या वर्षी. लेबारानला दर वर्षी फोन करायची ना."

ते त्या दिवशी पडद्यामागे दिवा धरून बसले होते, नलूताई. त्यांनाही सगळं ऐकू गेलं होतं.

हे काय केलंस तू? तिचं मन राखायला सांगितलंस का, की निदान एका माणसाच्या लेखी तरी मी ते केलेलं असावं म्हणून? की तुझी मैत्रीण अशी निघाली हे तिला सांगायची तुलाच लाज वाटली? पटदिशी भांडायला यावंसं वाटतं तुझ्याशी, आत्ता, हा कागद टाकून. इतकी वर्षं मला वाटत होतं की तू गप्प राहिलीस. तू गप्प नव्हतीस. माझ्या वाट्याचं बोलून मोकळी झाली होतीस आणि तिथे, त्या लांबच्या गावात, एक म्हातारी बाई मला चांगली समजून जगत होती.

"बोल तिच्याशी," वसंतराव म्हणाले.

"मला भाषा येत नाही."

"नलूला तरी कुठे येत होती? घे. तिला नुसता आवाज ऐकायचाय."

मी रिसीव्हर घेतला. लाइनमध्ये खरखर होती, आणि तिच्यापलीकडे कोणीतरी वाट बघत श्वास घेत होतं. मी म्हटलं, "बू सुमार्नी." तिकडून काही तरी आलं, भराभर, रडवेलं, मला त्यातला एकही शब्द कळला नाही. मग ती थांबली. आता मी बोलायचं होतं, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्यानं, "बू सुमार्नी."